सॉफ्टवेअरची पारख थकल्या डोळ्यांनी होत नाही

यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, वणी येथील लहानमोठ्या दुकानांतून लाल कापडाच्या वहीची जागा आता संगणकाने आणि मोबाईलने घेतली आहे. बिल संगणकावर, साठ्याचा हिशेब संगणकावर आणि जीएसटीचे विवरणपत्रही संगणकावर. शेतकऱ्याला हमीभावाने कापूस विकायचा असेल तर २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' या मोबाईल अ‍ॅपवर आधी नोंदणी करावी लागते. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा बराचसा व्यवहार सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालू आहे. हे सॉफ्टवेअर बरोबर चालते की नाही हे कोण पाहतो, केव्हा पाहतो आणि कोणत्या मनःस्थितीत पाहतो, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी फार थोडे लोक विचारतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. संगणकाच्या नावावर खपणाऱ्या पुष्कळ चुका प्रत्यक्षात माणसाच्या असतात. त्या घाईच्या असतात, जागरणाच्या असतात आणि 'माझे काम चुकणारच नाही' या मोठेपणाच्या असतात. म्हणून सॉफ्टवेअरची तपासणी हा जितका यंत्राचा विषय आहे, तितकाच माणसाच्या स्वभावाचा आणि कामाच्या वेळापत्रकाचा आहे. व्यापारी व कारागीर बांधवांना हे समजण्यास कठीण नाही, कारण आपल्या धंद्यांना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे.

आपल्या धंद्याचा अनुभव

छापखान्याचे उदाहरण घ्या. ज्याने खिळे जुळविले त्याला स्वतःची चूक दिसत नसे. त्याने काय लिहायचे ते मनात आधीच धरलेले असे आणि डोळे तेच वाचत. म्हणून प्रूफ तपासायला दुसरा माणूस लागे. शिलाईच्या धंद्यात चांगला मास्टर कोट एकदम पक्का करीत नाही. कच्चे टाके घालून आधी गिऱ्हाइकाच्या अंगावर पाहतो. गवंडी भिंत डोळ्यांना सरळ दिसली तरी ओळंबा लावतोच. आपला डोळा आपल्याच कामाला फसतो, हे या सर्वांना माहीत आहे.

जुने मुनीम तर याहून पुढे गेले होते. तेरीज जुळली नाही की ते आधी फरकाच्या रकमेला ९ ने भागून पाहत. पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घेत. ६३० रुपयांऐवजी ३६० लिहिले गेले तर फरक २७० चा पडतो आणि २७० ला ९ ने भाग जातो. या साध्या युक्तीत मोठे शहाणपण आहे. माणूस वाटेल तशी चूक करीत नाही, त्याच्या चुकीला ठरलेले वळण असते. ते वळण ओळखले की चूक सापडते. आज सॉफ्टवेअर तपासणारा जाणकार माणूस हेच काम करतो.

शास्त्र काय सांगते?

सॉफ्टवेअर तपासणीवर अमेरिकेतील ग्लेनफोर्ड मायर्स यांचे 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' हे पुस्तक १९७९ साली निघाले. या विषयातील ते पायाभूत पुस्तक मानले जाते. तपासणी म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करणे नव्हे, चुका शोधण्याच्या हेतूने तो चालवून पाहणे होय, असे त्यांनी मांडले. प्रोग्राम ज्याने लिहिला त्यानेच तो तपासू नये, असेही बजावले. हेतू बदलला की नजर बदलते. बरोबर आहे हे दाखवायला बसलेला माणूस नकळत तेच आकडे घालतो, ज्यांनी प्रोग्राम चालेल.

या स्वभावाचा एक प्रयोग लंडनमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना २, ४, ६ असे तीन आकडे दिले आणि ते कोणत्या नियमाने मांडले आहेत हे ओळखण्यास सांगितले. आपण हवे ते तीन आकडे सांगायचे. ते नियमात बसतात की नाही, एवढेच उत्तर मिळे. लोकांनी ८, १०, १२ सांगितले, २०, २२, २४ सांगितले. प्रत्येक वेळी 'बसतात' असे उत्तर आले आणि बहुतेकांनी दोन-दोनने वाढणारे किंवा सम आकडे असा नियम ठरवून टाकला. तो चुकला. खरा नियम एवढाच होता की, आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ किंवा ५, ३, १ विचारून पाहिले असते तर उलगडा झाला असता. पण आपला अंदाज मोडून पाहावा असे माणसाला सहसा सुचत नाही. दुकानात नवे बिलिंग सॉफ्टवेअर आल्यावर आपण दहा सरळ बिले काढतो, ती बरोबर येतात आणि आपण पैसे चुकते करतो. हे ८, १०, १२ विचारण्यासारखेच झाले.

दुसरी गोष्ट थकव्याची. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश सैनिकांकडून पहाऱ्याच्या उत्तरार्धात खुणा सुटत असत. त्याचा शोध नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला आणि १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घड्याळासारखा काटा टप्प्याटप्प्याने फिरत असे आणि मधूनच एखादा दुप्पट टप्पा घेई. तो ओळखायचा होता. पहिल्या अर्ध्या तासानंतरच पकडण्याचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांनी खाली आले. हे लोक आळशी नव्हते. एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसण्याची माणसाची शक्तीच तेवढी असते. आयबीएम कंपनीत मायकेल फेगन यांनी १९७६ साली प्रोग्राम तपासण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात एक बैठक दोन तासांपेक्षा लांबवू नये असे ठरविले होते.

जागरणाबद्दल तर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली डोळे उघडणारी गोष्ट दाखविली. सतत १७ तास जागा असलेल्या माणसाची कामातील चलाखी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या देशात वाहन चालविणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता हिशेब करा. पहाटे ५ वाजता फज्रला उठलेला दुकानदार रात्री १० वाजता शटर ओढतो, तेव्हा त्याचे १७ तास पूर्ण झालेले असतात. ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, तो त्याच अवस्थेत दिवसाचा हिशेब जुळवायला बसतो आणि नवे सॉफ्टवेअर 'नीट पाहून घेतो'.

महाराष्ट्राने मोजलेली किंमत

हे केवळ पुस्तकी ज्ञान आहे असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडच्या तीन घटना येथे देतो. त्या आपल्या राज्याच्या आणि आपल्या व्यवहाराच्या आहेत.

पहिली घटना मुंबई विद्यापीठाची. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांवर उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला आणि एकाच हंगामात सर्व शाखांना तो लागू केला. पद्धत नवी, प्राध्यापक तिच्याशी अपरिचित, आणि सराव व तपासणी ऐन कामाच्या गर्दीतच. ३१ जुलैपर्यंत निकाल लावा, असा कुलपतींचा आदेश झाला, तोही पाळला गेला नाही. काही उत्तरपत्रिका सापडेनात. पुढील प्रवेशाच्या आशेवर बसलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणे ही कल्पना मुळात वाईट नव्हती. एखाद्या लहान शाखेवर एक वर्ष चालवून पाहण्याचा धीर मात्र नव्हता.

दुसरी घटना तर आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने शेतकरी कर्जमाफीची योजना जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागविले. दिवाळीच्या मुहूर्तावर, १८ ऑक्टोबरला, समारंभ करून प्रमाणपत्रे वाटण्यात आली. त्यानंतर याद्यांतील माहितीत चुका निघाल्या, अनेक नावांपुढे एकच आधार क्रमांक आढळला आणि खात्यात रक्कम पडण्यास उशीर झाला. एकच आधार क्रमांक दोन नावांना लागू शकत नाही, हे शाळकरी मुलालाही समजते. पण सणाची तारीख गाठायची म्हटली की असा साधा प्रश्न विचारायला कोणाला वेळ राहत नाही. यवतमाळसारख्या, शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यात उशिराचा एकेक दिवस काय असतो हे सांगायला नको. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की कापड दुकानात, लोहाराच्या भात्यावर आणि शिलाईच्या यंत्रावरही मंदी येते.

तिसरी घटना ई-वे बिलाची. ५० हजार रुपयांवरील माल दुसऱ्या राज्यात पाठविताना हे बिल लागते. पांढरकवड्याहून तेलंगणात रुईच्या गाठी पाठविणाऱ्यांना ते चांगले ठाऊक आहे. १६ जानेवारी २०१८ पासून ते चाचणी म्हणून सुरू झाले आणि १ फेब्रुवारीला सक्तीचे झाले. पहिल्याच दिवशी यंत्रणा कोलमडली, सक्ती पुढे ढकलावी लागली आणि १ एप्रिलपासून ती नव्याने लागू झाली. येथे सरकारी यंत्रणेकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण चाचणीच्या दिवसांत ते वापरून पाहण्याची तसदी आपल्यापैकी किती जणांनी घेतली होती? सक्ती नसेल तोवर थांबायचे आणि शेवटच्या दिवशी सर्वांनी एकदम दारात उभे राहायचे, हाही माणसाचा स्वभाव आहे. यंत्रणा बांधणाऱ्याने तो आधीच गृहीत धरायला हवा.

उशिरा का होईना, तो धरला गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये जीएसटीचे पहिलेच मासिक विवरणपत्र भरताना शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ अडले आणि २० तारखेची मुदत २५ पर्यंत वाढवावी लागली. पुढे जानेवारी २०२० मध्ये उलाढाल आणि राज्य यांनुसार २०, २२ आणि २४ अशा वेगवेगळ्या तारखा ठरविण्यात आल्या. माणसांची सवय बदलत नाही असे दिसल्यावर तारखाच वाटून दिल्या. यंत्रणेने माणसाच्या कलाने कसे घ्यावे याचे हे चांगले उदाहरण आहे.

बाजाराचे वर्ष आणि तपासणीची वेळ

आपल्या बाजाराला स्वतःची लय आहे. दसऱ्यापासून सोयाबीन आणि कापसाची आवक सुरू होते. नोव्हेंबर ते जानेवारी जिनिंगवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. उन्हाळ्यात लग्नसराई, जूनमध्ये कृषी केंद्रांवर बी-खतांची झुंबड. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शिलाईची दुकाने रात्रभर चालतात. चाँद रातीला शिवलेल्या कुर्त्यांपैकी किती कुर्ते ईदनंतर बाह्या कमी-जास्त करायला परत येतात, हे प्रत्येक कारागीर जाणतो. त्याच्या हाताचे कसब त्या रात्री कमी झालेले नसते, डोळे आणि डोके थकलेले असते. २०२५ साली तर ईद ३१ मार्चलाच आली. ईदची गर्दी आणि वर्षअखेरचा हिशेब एकाच दिवशी अंगावर पडले.

असे असताना नवे सॉफ्टवेअर मात्र बहुतेक दुकानांत ऐन हंगामाच्या तोंडावर घेतले जाते, कारण गरज तेव्हाच जाणवते. आमच्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. जिनिंगवाल्याने पावसाळ्यात घ्यावे, कृषी केंद्रवाल्याने पेरणी आटोपल्यावर घ्यावे, शिलाईवाल्याने ईद आणि लग्नसराई पार पडल्यावर घ्यावे. प्रत्येकाचा निवांत महिना वेगळा आहे, तो त्याने ओळखावा.

दुकानदाराने काय करावे?

पहिली गोष्ट, विकणाऱ्याने करून दाखविलेल्या नमुन्यावर विसंबू नये. आपण स्वतः त्याला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारावेत. रेडिमेड कपड्यांचे उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. चूक बहुधा अशा सीमेवरच लपलेली असते. म्हणून २,४९९, २,५०० आणि २,५०१ अशी तीन बिले काढावीत. २,६०० च्या शेरवानीवर १०० रुपये सवलत दिली तर सॉफ्टवेअर कोणता दर लावते ते पाहावे. दर बदलण्याआधी विकलेला माल परत आला तर कोणता दर धरते ते पाहावे. सव्वादोन मीटर कापड, एकाच नावाचे दोन ग्राहक, बिल अर्धे झाल्यावर गेलेली वीज, ३१ मार्चच्या रात्री सुरू करून १ एप्रिलला संपविलेले बिल, हे सर्व करून पाहावे. सॉफ्टवेअर मोडण्याच्या इराद्याने बसावे. ते टिकले तर ते आपले.

दुसरी गोष्ट, हे काम सकाळी, ताज्या डोक्याने, दोन तासांच्या आत करावे. उरलेले दुसऱ्या दिवशी करावे. शटर ओढल्यावर करू नये.

तिसरी गोष्ट, निदान एक महिना जुनी वही आणि नवे सॉफ्टवेअर दोन्ही चालवावे आणि दर आठवड्याला दोहोंची बेरीज ताडून पाहावी. दुप्पट काम होते हे खरे. पण गिऱ्हाइकाकडून कमी घेतलेला कर अखेर आपल्याच खिशातून भरावा लागतो आणि वरून व्याज बसते.

चौथी गोष्ट नाजूक आहे. आपल्याकडे पुष्कळदा हा प्रोग्राम घरचाच मुलगा बनवितो. भाचा किंवा पुतण्या पुण्यात शिकतो आणि सुटीत मामाच्या दुकानासाठी काहीतरी लिहून देतो. कौतुकाची गोष्ट आहे. पण मग त्यात चूक काढणे म्हणजे घरच्या मुलाचा अपमान, असे वातावरण तयार होते. काउंटरवरच्या नोकराला चूक दिसते, तो बोलत नाही. किंवा बोलतो आणि 'तुला काय कळते' असे ऐकून घेतो. पुढच्या वेळी तो गप्प राहतो. जेथे चूक सांगणाऱ्यावर ओरडा पडतो, तेथे चुका कमी होत नाहीत, फक्त झाकल्या जातात. म्हणून ज्याने पहिली चूक दाखविली त्याला मालकाने सर्वांसमोर शाबासकी द्यावी, चहा पाजावा. मुलालाही वडीलधाऱ्यांनी समजावून सांगावे की, 'बेटा, चूक कामातली काढली आहे, तुझी नाही.'

लहान दुकानदार म्हणेल, वेगळा तपासणारा मी कुठून आणू? त्याला उपाय आहे. शेजारच्या दुकानदाराशी अदलाबदल करावी. तुमचे त्याने तपासावे, त्याचे तुम्ही. परक्या डोळ्याला जे दिसते ते घरच्या डोळ्याला दिसत नाही. तालुक्याच्या व्यापारी संघटनांनी हंगामापूर्वी एक दिवस यासाठी ठेवला तर खर्च चहापाण्यापलीकडे जाणार नाही.

यंत्रच आता यंत्राला तपासते, असा एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला झाल्यापासून तो वाढला आहे. यंत्र न थकता हजार वेळा तपासू शकते, हे मान्य. थकव्याचे काम यंत्राला अवश्य द्यावे. पण पुसदच्या दुकानात सव्वादोन मीटर कापड विकले जाते आणि लाइट मधूनच जाते, हे त्याला आधी कोणीतरी सांगावे लागते. काय विचारायचे ते दुकान जाणणाऱ्या माणसालाच सुचते.

पारखणाऱ्याचा मान

शेवटी आपल्या मुलांविषयी दोन शब्द. पुसद आणि यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेली मुले-मुली पुण्याला नोकरीस जातात. त्यांतील काहींना सॉफ्टवेअर तपासणीचे काम मिळते. घरी पत्र किंवा फोन आला की नातेवाईक विचारतात, 'प्रोग्रामर नाही झालास?' जणू तपासणारा दुय्यम दर्जाचा. ही समजूत चुकीची आहे. कापसाच्या बाजारात ग्रेडरचा शब्द चालतो, कारण तो ओलावा, धागा आणि कवडी ओळखतो. त्याला कोणी बिनकामाचा म्हणत नाही. पारख हे कसब आहे आणि त्यासाठी संशयी डोके, शांत स्वभाव आणि पुरेशी झोप लागते. आपल्या कारागिरांच्या घरांतील मुलांना यातील पहिल्या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या मिळालेल्या आहेत. चढाओढीच्या नोकरीत तिसरी सांभाळायला त्यांना घरच्यांनी शिकवावे.

येत्या दसऱ्यापूर्वी ज्या बांधवांना नवे सॉफ्टवेअर घ्यायचे आहे, त्यांनी बोलणी करताना किमतीइतकाच तपासणीच्या दिवसांचा आग्रह धरावा. पूर्ण पैसे महिनाभर चालवून पाहिल्यावर देण्याचे ठरवावे आणि ते लेखी करून घ्यावे. जो विक्रेता याला तयार होत नाही, त्याचा माल न घेतलेला बरा.